दावं

नऊला दहा कमी असताना फोन वाजतो.
मी घेवड्याखालचा गॅस बंद करतो, दार लोटतो,
हेडफोन चढवतो आणि उजवा हात वर करून शपथ घेतो.
बघायला कुणी नाही, तरी.

दुभाषा क्रमांक चार हजार चारशे सतरा.
मी ओकलंडला. कोर्ट ओमाहात. तिसरी एक बाई टेक्ससात कुठेतरी.
माम ते स्पॅनिश मी, स्पॅनिश ते इंग्रजी ती.
हिलारिया काल्मो बोलते ते पाणी
दोन ओंजळींतून जज्जबाईंपर्यंत जातं.
किती पोचतं, मी विचारत नाही.
मला मिनिटाचे पैसे मिळतात.

तिने पहिला प्रश्न मलाच केला:
भाऊ, तुमचा आवाज वरच्या डोंगरातला. कुठल्या गावचे?
नियम असा, की कानावर पडेल ते सगळं सांगायचं.
म्हणून मी सांगितलं, महोदया, त्या मला माझं गाव विचारतात.
टेक्ससच्या बाईने ते इंग्रजीत नेलं.
उत्तर परत आलं, दुभाष्याशी बोलू नका.
तेही मीच तिला दिलं.
माझ्याच तोंडाने, माझ्याशी बोलू नकोस.

मग खुर्ची सरकली. सरकारी वकील असावेत.
म्हणाले, आम्ही या बाईंवरचा दावा मागे घेतो.

मी म्हटलं, दुभाष्याला पुन्हा ऐकायचंय.
तीन वर्षं. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, त्याचं भाषांतर,
भाषांतर खरं असल्याचा दाखला,
चारदा पुढे गेलेली तारीख.
मागे घेतो, म्हणाले.

कोर्टाचे शब्द आमच्या भाषेत उसने.
शेजारणीच्या पातेल्यासारखे, नाव दुसऱ्याचं कोरलेलं.
घाईत हाताला लागला तो शब्द मी उचलला,
संध्याकाळी खेचराचं सोडतात, तो.
हिलारिया, म्हटलं, तुझं दावं सोडलं.

ती थोडी थांबली. मग म्हणाली, चोंते.
आभार.
तेही मी पुढे पाठवलं. दोन भाषा ओलांडून
जज्जबाईंपर्यंत ते जसंच्या तसं पोचलं,
थेंबही न सांडता.

कारकून फोन ठेवायला विसरला.

दार उघडल्याचं ऐकलं. लिफ्टची घंटी.
पोराचे चूं-चूं वाजणारे बूट, आणि ते थांबले.
मग दुसरे बूट. बरेच.
कुणीतरी तिचं आडनाव वाचलं, अडखळत, दोनदा.
आणि ती ओरडली. त्या अख्ख्या मजल्यावर
तिची भाषा कळणारा एकच होता, तोही तारेत:
भाऊ! वरच्या डोंगरातल्या भाऊ! हे काय म्हणतायत?

मी सांगत होतो. सही करू नकोस.
पोराचा हात सोडू नकोस. वकिलाचं नाव घे.
भीती वाटते म्हण, परत जायची भीती वाटते, मोठ्याने म्हण.
बराच वेळ सांगत होतो.
मग स्क्रीनवर पाहिलं. माझा आवाज
कोर्टाने बंद केलेला होता,
काम झाल्यावर करतात तसा.

एका वकिलाने नंतर समजावलं. खटला चालू, तोवर
बाईभोवती निदान कागदाचं कुंपण असतं.
खटला गेला की कुंपण गेलं, आणि बाहेर माणसं उभी असतात.
मी हो हो म्हटलं.
मला खेचर आठवत होतं.
आमच्याकडे दावं बाजाराच्या दिवशीही सोडतात, सकाळी,
गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला.

बिलात एकोणचाळीस मिनिटं लावली.
शेवटची चार लावली नाहीत.
घेवडा मधे कच्चाच राहिला, तसाच खाल्ला.

सान मार्तिनच्या वर, हिलारिया.
ओढा ओलांडलास की डावीकडे,
पत्र्याचं तिसरं घर.